घर बघून मिळेल

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावच्या एका छोट्या दैनिकात मी दर रविवारी बायकांसाठी सदर लिहायचे. मानधन म्हणजे अंकाची एक फुकट प्रत. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात लिहायचे आणि लिहिताना मला वाटायचं, जगातलं सगळं मलाच कळतं. वाचणाऱ्या बायकांनाही तसंच वाटू लागलं, तिथून पुढे सगळं बिघडलं.

एका रविवारी मी लिहिलं, की मुलगी द्यायची तर मुलाचा पगार नंतर विचारा, आधी त्या घरातलं एक जेवण बघा. सुनेचं ताट सगळ्यांबरोबर वाढतात, की तिला मागाहून उरलंसुरलं मिळतं? ती बोलते तेव्हा तिला मध्येच कोण तोडतं? घर कसं आहे ते तिथे कळतं. त्या लेखाला पत्रं आली ती थैली भरून. मग माणसं जळगावातल्या मेहरूण भागातल्या माझ्या घरी यायला लागली. दीपनगरच्या कॉलनीतल्या एक बाई तर हटूनच बसल्या, ‘आम्हाला कोण खरं दाखवणार? अक्का, तुम्हीच जाऊन बघून या ना.’

मी गेले. एस्टीचं भाडं आणि वर थोडी फी घेतली. पुढच्या महिन्यापासून सदराच्या खाली एक ओळ छापून येऊ लागली: घर बघून मिळेल. लिहिण्याने जे कधी दिलं नाही ते वाचणाऱ्यांनी दिलं, आणि मला ते गोड लागलं.

माझी पद्धत ठरलेली. न कळवता जेवणाच्या वेळेला जायचं, नात्यातली कुणी म्हणून ओसरीवर टेकायचं, आग्रह झाला की पंगतीला बसायचं. परत आल्यावर एक पानभर अहवाल. पहिल्या वर्षी निम्म्या घरांना मी नकार लिहिला. दुसऱ्या वर्षी मात्र घरं चांगली निघायला लागली. ज्या दारात जावं तिथे सुनेचा पाट मधोमध, सून बोलतेय आणि सगळे माना डोलावून ऐकतायत. शेंदुर्णी म्हणू नका, पारोळा म्हणू नका, सगळीकडे तेच. मला वाटलं, माझ्या लेखणीने खानदेश सुधारला. इतका मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

त्याच वर्षी जामनेरच्या बाजारातला एक मापाडी आला. बायको मागेच गेलेली, एकुलती एक मुलगी त्याने स्वतः भाकरी थापून वाढवलेली. धुळ्याच्या पलीकडच्या एका गावातून स्थळ आलं होतं. तो म्हणाला, ‘तिले माय नाही, अक्का. तुम्ही पाह्यलं म्हंजे तिच्या मायनं पाह्यलं.’

ते घर मला आजही समोर दिसतं. दारात पाय ठेवताच सासू आतल्या बाजूला ओरडली, ‘अक्का उनात, पाट मांडा!’ अक्का आल्या हे तिने बघताक्षणी ओळखलं, आणि मी तर नाव सांगितलं नव्हतं. आरशाच्या मागे माझ्याच सदराचं कात्रण खोचलेलं होतं. ते बघून मला भीती वाटायला हवी होती. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. थोरली सून सगळ्यांच्या मध्ये बसली, वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. निघताना ती हळूच म्हणाली, ‘अक्का, तुम्ही रोज येत जा.’ मी तिचा गाल थोपटला. परतीच्या गाडीत ते वाक्य कौतुक म्हणून अहवालात घातलं आणि खाली लिहिलं, डोळे मिटून मुलगी द्या.

लग्न झालं. पाच-सहा महिन्यांनी पेपर तपासायला मला धुळ्याला बोलावलं. काम लवकर आटोपलं म्हणून सहज त्या गावाची गाडी पकडली. पुढच्या गल्लीत पाइपासाठी चर खणला होता, म्हणून मागच्या बाजूने, गोठ्याकडून आत शिरले. आत पंगत बसलेली, वाट्यांचे आवाज येत होते. मापाड्याची मुलगी गोठ्याच्या भिंतीला टेकून उकिडवी बसली होती, तळहातावर अर्धी भाकरी आणि मिठाचा खडा. मला बघून तिने भाकरी पदराखाली लपवली.

सासूने मला पाहिलं. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती मान हलवली. मुलीने तोंड पुसलं, आत जाऊन मधल्या पाटावर बसली आणि हसली. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. थोरली कुठे दिसत नव्हती. मी विचारलं तर सासू म्हणाली, ‘माहेरले गई ती,’ आणि अख्खं घर एकदम खाली मान घालून जेवू लागलं. मी दोन घास खाऊन उठले. हात धुताना मी मुलीला म्हटलं, ‘चल माझ्याबरोबर.’ ती ओठ न हलवता म्हणाली, ‘तुम्ही गेल्यावर मला इथेच राहायचंय.’

मी जळगावला न उतरता थेट जामनेर गाठलं. खरं सांगते, वाटेत दोनदा वाटलं, गप्प बसावं, माझंच नाव जाईल. तरी मापाड्याला सगळं सांगितलं, माझी चूक झाली हेही सांगितलं. व्याह्यांना निरोप धाडून तो दुसऱ्या दिवशी धुळ्याकडे गेला.

तिसऱ्या दिवशी तो मेहरूणला आला तो हसतच. हातात केळ्यांची फणी होती.

‘माह्या डोयानं पाहून आलो, अक्का. तुम्ही लिहिलं व्हतं तसंच पाह्यलं. पोर सगळ्यांच्या मधी जेवाले बसली. बोलली बी. कोणी तोडलं नाही तिले. तुम्ही उगाच जीव टांगणीला लावला माहा.’

मी विचारलं, ‘मागच्या दाराने गेला होतात का? न कळवता?’

तो बिचारा गोंधळला. ‘पोरीचा बाप व्याह्याच्या घरी मागच्या दारानं जातो का, अक्का?’