बिनमिठाची पंगत

पंगतीत मीठ वाढणारा जवळ आला, की आमचे सर पत्रावळीवर आडवा हात धरायचे. "मले मीठ नोको. बाकी येऊ दे."

सर आता मारेगावला लेकीकडे असतात. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, पण त्यांचा खरा विषय जेवण. किडनीचा आजार निघाला आणि लोणचं, पापड, ठेचा सगळंच बंद झालं. वरणसुद्धा मोजकं. आम्हाला वाटलं, माणूस खचणार. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात दुधीची भाजी होती, लसूण-जिऱ्याची इतकी खमंग, की माझाच हात तिकडे गेला. "किडनी बिघडली न, जीभ थोडीच बिघडली," म्हणाले.

त्यांना आजारापेक्षा आग्रहानं जास्त छळलं. आपल्याकडे नको म्हणणारा पाहुणा रुसलाय असंच धरतात. "एका दिवसानं काय होते सर?" म्हणत लोक वाढत राहतात. एका लग्नात सरांना कुणाचं मन मोडवेना. त्यांनी सगळं खाल्लं आणि पायांवर सूज घेऊन दवाखान्यात पडले. मग त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, त्यांच्या पंगतीच बंद केल्या. आहेर द्यायचा आणि घरी येऊन जेवायचं. सरांना एकट्यानं घास उतरत नसे. ते मला बघवत नव्हतं.

निवृत्ती आली तेव्हा म्हणाले, "शेतात रोडगे-वांग्याची पंगत करू. अन् मी तुमच्यासंग जेवीन."

"मंग मी येत नाही," वहिनी म्हणाल्या.

सरांनी आहारतज्ज्ञ मॅडमना विचारून बेत ठरवला. किडनीला जड जाणारे क्षार निघून जावेत म्हणून वांगी उकळून पाणी फेकून दिलं, तेव्हा आचारी कळवळला, "चव वाहून चालली न सर." भाजीत मीठ नाहीच, ज्याला हवं त्यानं पानात घ्यावं. लसूण, धने आणि सुक्या मिरचीची फोडणी सरांनी स्वतः दिली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे भाजले गेले. आम्ही सगळे हाणून जेवलो. आचाऱ्यानं तर दोनदा मागून घेतली भाजी, आणि कित्येकांच्या पानातलं मीठ तसंच राहिलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरही खूश होते, हे आधीच सांगून टाकतो.

वहिनी आल्याच होत्या, पण लांब निंबाखाली बसल्या होत्या. मी त्यांना थोडी भाजी नेऊन दिली. त्यांनी चाखली, पुन्हा चाखली आणि उठल्या. वाढणाऱ्याच्या हातून बादली घेऊन त्या सरांपुढे येऊन वाकल्या.

"घ्या न अजून थोडी," म्हणाल्या. "माह्या हातानं घ्या."