दाजींनी पाठवलेली लिंक

माझी अक्का आमच्या ॲपची रोजची गिऱ्हाईक आहे, असं मी ऑफिसात मोठ्या तोंडानं सांगायचो. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्याची वेबसाइट आणि ॲप मी सांभाळतो. भवानी पेठेत अक्काकडे जेवायला गेलो की ती ताट वाढता वाढता विचारायची, "ती मोरांची चादर परत आली व्हय रे? मदी दिसत नव्हती." कुठली उशीची खोळ बंद झाली, कुठल्या टॉवेलवर सूट लागली, हे तिला माझ्याआधी ठाऊक असायचं. मला मोठी गंमत वाटायची. मालकांना मी म्हणालो, "साठी ओलांडलेली माझी बहीण रोज सकाळी ॲप उघडते." ते खूश झाले. "बघा, लिंक थेट ॲपात उघडायला लागली त्याचा हा गुण," म्हणाले. ते काम मी केलेलं होतं. कौतुक मी ठेवून घेतलं.

पूर्वी व्हॉट्सॲपवरची आमची लिंक दाबली की ब्राउझर उघडायचा आणि मग साइट यायची. तेवढ्यात गिऱ्हाईक निसटतं, असं मालकांचं म्हणणं. दाबलं की थेट ॲप उघडलं पाहिजे. काम तसं अवघड नाही. हे ॲप आमचंच आहे असं सांगणारी एक छोटी फाइल साइटवर ठेवायची, आणि साइटवरच्या कुठल्या पानांचे पत्ते ॲपानं उघडायचे ते ॲपात लिहायचं. ते पत्ते निवडून लिहायचे असतात. दिवाळी तोंडावर आली होती, मी निवडत बसलो नाही. सगळेच पत्ते ॲपाच्या नावावर करून टाकले. ज्या पानाची ॲपाला ओळख नाही तिथं ॲपाची पहिली स्क्रीन दाखवायची, म्हणजे सेल. साइटवर कारागिरांची ओळख करून देणारी जुनी पानं होती. ती ॲपात घेतलेलीच नव्हती. ती आता कोण बघतंय, असं तेव्हा मनात आलेलं मला चांगलं आठवतं.

त्या कारागिरांत माझे दाजी होते, अक्काचे यजमान. याच कारखान्यात ते जॉबर होते. माग अडला की तो सुरू करून द्यायचं त्यांचं काम. त्यांच्या पानावरचा व्हिडिओ मीच घेतला होता. बोलणारा माणूस नव्हे. चादरीची कड बोटांत धरून कसंबसं काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "झालं का? बंद कर की आता." मी ते तसंच राहू दिलं. त्यांच्या पानाची लिंक कशी पाठवायची हे त्यांना शिकवलं, तर त्यांनी ती फक्त अक्काला पाठवली. पुढच्या वर्षी ते हार्टअटॅकनं गेले. अक्काच्या मोबाइलवर ॲप टाकून दिलं तेही मीच, त्यानंतर.

या उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी गेलो तेव्हा अक्का पाठमोरी बसली होती. चाहूल तिला लागली नाही. तिनं दाजींचं चॅट उघडलं. त्यात एकच मेसेज होता, ती लिंक. तिनं दाबली, सेल आला, आणि ती अंगठ्यानं चादरी वर सरकवत राहिली. चादरी संपल्या, टॉवेल आले, पायपुसणी आली.

"काय शोधतीस अक्का?"

"ह्यांना."

"कुणाला?"

"तुज्या दाजींना. पयलं दाबलं की लगेच यायचे. आता हे दुकान यायलंय. कुटंतरी असतील की म्हणून जाते खाली खाली."

"मला सांगायचं नाहीस का?"

"तूच काढलं आसशील म्हटलं. गेलेल्या माणसाला दुकानात किती दिवस ठिवणार? तुजी नोकरी हाय तितं."

मी तिचा मोबाइल घेतला, सेटिंगमध्ये जाऊन आमच्या ॲपाला लिंका उघडायची मनाई केली. एवढंच करायचं होतं. पुन्हा लिंक दाबली. ब्राउझर उघडला, गोल फिरत राहिलं आणि दाजी आले. अक्का बघत राहिली. मग म्हणाली, "बारीक झाल्यात की रे."

तो व्हिडिओ मी तिच्या गॅलरीतही टाकून दिला. "आता नेटसुद्धा लागणार नाही, केव्हाही बघ," म्हणालो.

"ते तू काढलेलं," ती म्हणाली. "ह्ये ह्यांनी पाठवलेलं."

तेव्हापासून रोज सकाळी तिचा फोन येतो. "हायत," एवढंच म्हणते आणि ठेवते. आधी मला बरं वाटायचं. आता फोन वाजायच्या आधीच जाग येते.

कारण मालकांनी साइट बंद करायची ठरवलीय. सगळं ॲपवरच आहे, मग दोन दोन दुकानं कशाला? कारागिरांची पानं तरी ॲपात घेऊ, असं मी म्हणून पाहिलं. "ती कोण बघतंय?" त्यांनी विचारलं. अगदी माझेच शब्द. मग मला सगळं सांगावं लागलं. अक्का गिऱ्हाईक नव्हती, नवऱ्याला शोधत होती, आणि त्याची वाट मीच बुजवली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "मग तो व्हिडिओ ताईंच्या मोबाइलमध्ये टाकून द्या की." माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऑफिसातल्या टेबलावर ठेवण्यासारखं नव्हतं. मी "हो" म्हणालो. साइट या महिनाअखेर बंद होईल, आणि ती बंद करण्याचं काम माझ्याकडे आहे.

अक्काला मी अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी सांगायचंच असं ठरवून फोन उचलला.

"हायत," ती म्हणाली. आणि आज ठेवला नाही. "आज लई वेळ बोलले रे."

व्हिडिओ तेवढाच आहे. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुला न्हाय सांगायचं," ती म्हणाली आणि हसली. दाजी गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

"बरं," मी म्हणालो.