कुलूपबंद घरातला माझा एसी

मंडळी, हॉस्पिटलमधून आत्ताच चंदीगडजवळच्या झिरकपूरला, घरी परत आलेय. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका, एअर फोर्समधून रिटायर झालेले, आयसीयूत आहेत.

काका घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. सकाळी लाइट गेली आणि दुपारपर्यंत इन्व्हर्टरही संपला. लाइनमनने बिल्डिंगचा उडालेला फ्यूज घातला, लाइट आली, मिनिटभरात फ्यूज परत उडाला. दोनदा तसंच झालं. तो काकूंना म्हणाला, "आंटीजी, पहले सबके एसी बंद करवाओ, तभी टिकेगी."

काकू जिने चढत एकेक दार वाजवत फिरल्या. माझ्या दाराला कुलूप होतं. लाइट नसतानाच मी ऑफिसला निघाले होते, एसीचं बटण तसंच चालू राहिलं.

आणि त्या वेळी मी आयटी पार्कमध्ये बसून परदेशातल्या वीज कंपनीचं सॉफ्टवेअर तपासत होते! तिथे विजेवर ताण आला की त्या तासाचा दर चढतो, मीटरला ते कळतं आणि घरोघरचे एसी आपोआप मंदावतात. मशीनवरच्या माणसापुरती वीज उरते. आपल्या मीटरला फक्त महिन्याचं बिल कळतं. पण बटण तर माझंच होतं ना?

आयसीयूबाहेर काकू एवढंच म्हणाल्या, "तुझ्या दारात उभी होते गं. लाइट आली, तेव्हा आतून एसीचा आवाज आला. आणि परत गेली."

हे ऑफिसात बसून वाचत असाल, तर जरा आठवून सांगा. सकाळी निघालात, तेव्हा घरी लाइट होती का?