दोन गाण्यांमधली जागा

कारंजा लाडमध्ये शांतता मिळत नाही. हवी असेल तर ती बनवून घ्यावी लागते, आणि बनवणारा माणूस उभ्या वाशिम जिल्ह्यात एकच: आमच्या गल्लीतले रेकॉर्डिंगवाले चाचा. सीडी छापायला कारखान्यात जाण्याआधी गाणी साफसूफ करायची, क्रमानं लावायची आणि मूळ सीडी तयार करून द्यायची, हा त्यांचा धंदा. भर मे महिन्यात पंखा बंद, खिडकीला गोधडी आणि दारावर पाटी, 'खोकला असल्यास उद्या यावे'. तयार सीडी ते आधी न्हाव्याच्या दुकानात वाजवून बघत, मग पिठाच्या गिरणीत. गिरणीच्या घरघरीतही शब्द कळला तरच ती कारखान्याकडे जायची. यापायी लग्नाची सीडी बारशाला हाती पडे, पण चाचांना त्याचं काही नसे.

दोन गाण्यांमधल्या जागेवर तर त्यांचा भारी जीव. मी एकदा म्हटलं, "चाचा, दोन सेकंद ठेवा अन् मोकळे व्हा." उखडलेच. "काहून? एस्टीतबी पयले उतरू देतेत, मंग चढतेत. एक गाणं मनातून उतरलं नाही, अन् तू दुसरं चढवून राह्यला!"

मानोऱ्याच्या माझ्या आत्याच्या लग्नगीतांची सीडी तिच्या नातीच्या लग्नात वाटायची ठरली. चाचांनी तिला समोर बसवून रेकॉर्ड केलं. प्रत्येक गाणं संपलं की आत्या हटकून त्यांना विचारायची, "भाऊ, चा घेतला का जी?" चाचांनी तेही सीडीत तसंच ठेवलं. मला लाज वाटली. लोक हसतील, काढून टाका, म्हणालो. ते अक्षरशः हात जोडून म्हणाले, "बेटा, गाणं तं कोणीबी म्हणते. चा घेतला का, हे कोन इचारते?" पण मी हट्टाला पेटलो होतो. जन्मात त्यांनी गिऱ्हाइकाचं एकदाच ऐकलं, ते नेमकं माझं. "काढलेलं जपून ठेवू काय?" असंही त्यांनी विचारलं. मीच म्हणालो, "कायले?"

आत्या जाऊन दोन वर्षं झाली. गाणी सगळी आहेत, स्वच्छ, एकही ओरखडा नाही. मला मात्र तिचा तो प्रश्न हवा आहे, आणि तो मी माझ्या तोंडानं पुसून टाकलाय.

सीडी वाजवायचं यंत्र आता चाचांकडेच उरलंय, म्हणून मी तिथे जातो. ते पंखा बंद करतात, सीडी लावतात. परवा पहिलं गाणं संपलं आणि त्यांनी बनवलेली ती शांतता आली. चाचा खाली बघत हळूच म्हणाले, "घेतला जी, ताई."

मग दुसरं गाणं सुरू झालं.