काळ्या रानातलं पांढरं पातळ

काळ्या-पांढऱ्या सिनेमासाठी रंगांची इतकी काळजी केलेला माणूस आमच्या चित्रकलेच्या सरांखेरीज अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. हैदराबादच्या मेहुण्याचा छोटा सिनेमाचा कॅमेरा त्यांना चार दिवसांसाठी मिळणार होता. रीळ एकच, तेही जेमतेम तीन मिनिटांचं. त्यात झरीच्या आम्हा आठ मुलींचा कापूसवेचणीचा नाच घ्यायचा होता. तीन मिनिटांसाठी सर महिनाभर आधीपासून जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर चित्रं काढत बसले. शिकवता शिकवता मध्येच थांबायचे, पुठ्ठ्याला पाडलेल्या चौकोनी भोकाला एक डोळा लावायचे आणि दुसरा मिटायचे. हेडमास्तरांनाही त्यातून न्याहाळून त्यांनी जरा डावीकडे सरकायला सांगितलं, आणि हेडमास्तर मुकाट्याने सरकले. ताडकळसच्या बाजारात असाच एक डोळा मिटून लुगडी बघत उभे राहिले, तर एका बाईच्या नवऱ्याने त्यांची गचांडीच धरली. सरांनी शांतपणे समजावलं, की आपण फक्त रंग बघत होतो, हे लाल लुगडं सिनेमात काळं दिसेल. नव्याकोऱ्या लुगड्याला काळं म्हटल्यावर तो गडी जास्तच भडकला. सर मात्र खुशीत परतले, कारण त्यांचं ठरलं होतं. लाल, हिरवं, जांभळं सगळं मातीत मिसळून जाणार, तेव्हा काळ्या रानात आठही मुली पांढऱ्याशुभ्र पातळांत नाचणार.

इतका विचार करणाऱ्या माणसाच्या एक गोष्ट मात्र ध्यानातच आली नव्हती. सरांचं घर बौद्ध. त्यांच्यात नवरी पांढरं नेसते. पांढरं पातळ म्हटलं की सरांच्या डोळ्यांपुढे लग्न उभं राहायचं. आम्ही आठही जणी हिंदू शेतकऱ्यांच्या घरच्या, आणि आमच्या आयांच्या डोळ्यांपुढे उभी राहायची विधवा. आठही घरांतून नकार आला. कॅमेरा सोमवारच्या गाडीने परत जाणार, म्हणून शनिवारी सर दारोदार फिरले आणि शेवटी आमच्या ओसरीवर येऊन टेकले.

आई म्हणाली, “मास्तर, पोरीची सोयरीक जमत आलीय. आन् तुमी तिला पांढरं नेसवायलाव?”

“आमच्यात नवरी पांढऱ्यातच असती, माय. माझी बायकू तशीच घरात आली.”

आईने चहाची कपबशी त्यांच्यापुढे सरकवली. मग म्हणाली, “आमच्यात न्हाई.”

कुणालाही डावीकडे सरका म्हणणारा हा माणूस त्या दिवशी स्वतःच सरकला. चहा संपवला, कपबशी विसळून ठेवली आणि निघून गेला. मला फार वाईट वाटलं, पण आईपुढे बोलायची माझी छाती झाली नाही.

रविवारी सकाळी आम्ही रंगीबेरंगी लुगड्यांत रानात पोचलो, तर सरांबरोबर त्यांची बायको, आमच्या वहिनी, आलेल्या, लग्नातलं पांढरं पातळ नेसून. सरांनी त्यांना आमच्या मधोमध उभं केलं आणि नाचता येत नसेल तर नुसता कापूस वेच म्हणून सांगितलं. वहिनींनी तीन मिनिटं कापूस वेचला, तोही इतका मनापासून की ओटी भरली.

रीळ दोन महिन्यांनी धुऊन आलं. शाळेच्या भिंतीवर चादर बांधून दाखवलं, तेव्हा गाव लोटलं होतं. चादरीवर वहिनी तेवढ्या लख्ख दिसत होत्या, आणि भोवती आम्ही आठ जणी मातीत मिसळून गेलो होतो. आई पुढे वाकून मला शोधत होती. यातली तू कोणती, असं तिने दोनदा विचारलं, आणि मलाही सांगता आलं नाही. मग ती चादरीवरच्या वहिनींकडेच बघत राहिली.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सर आणि वहिनी आले. वहिनी साधंसं जांभळं लुगडं नेसल्या होत्या. एवढ्या गडबडीत आई पंगत सोडून त्यांच्यापाशी गेली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “ते पांढरं का न्हाई नेसलीस, बाई?” वहिनी लाजल्या. सर नुसते हसत राहिले, आणि मी भर मांडवात रडले. सासरच्यांना वाटलं, पोरीला माहेर सोडवत नाही.