सावलीकाकांची गाडी उन्हात

पडदे शिवणाऱ्या या गृहस्थांना खऱ्या नावाने हाक मारणारा आता बहुधा बँकेतला माणूस तेवढा उरला असेल. बाकी सगळ्या रस्त्याला ते सावलीकाका. नाव ठेवणाऱ्यांनी अगदी विचार करून ठेवलं होतं. दुकानात गिऱ्हाईक खिडकीचं माप सांगत असे आणि काकांची नजर बाहेर उभ्या गाडीच्या बॉनेटवर. तिथे ऊन आलं रे आलं, की हातातली टेप टेबलावर. “आलोच, गाडी हलवून येतो.” गिऱ्हाइकाने तोवर पंख्याखाली बसून अस्तराचे नमुने चाळावेत. काही जण चाळून चाळून कंटाळले आणि निघून गेले, पण गाडीची सीट तापली नाही हे महत्त्वाचं.

गाडी तरी काय, दोघांच्या हाताखालून आलेली, रंग उडालेली, एसी बंद पडून जमाना झालेली. पण ती उभी करतानाचा काकांचा थाट बघायला लोक थांबत. पुढच्या काचेला चंदेरी कागद लावलेला पुठ्ठा, स्टिअरिंगवर ओला टॉवेल, खिडक्यांना दुकानात उरलेल्या कापडाचे जाड पडदे, आणि काचा बोटभर खाली. परत निघताना एका बाजूची काच उतरवायची आणि पलीकडचं दार पंख्यासारखं उघडझाप करून आतली गरम हवा हाकलून लावायची. ती उघडझाप पाहून एकदा नव्या शेजाऱ्याला वाटलं, दार अडकलंय. बिचारा पाना घेऊन धावत आला.

या सगळ्याचा जाच व्हायचा तो काकूंना. कुठेही गेलं की काका त्यांना दारात उतरवत आणि “तू हो पुढे, मी सावली बघून येतो” म्हणून जे जात, ते जेवणं उरकत आल्यावर उगवत. घरातल्या लग्नांचे, वाढदिवसांचे फोटो काढून बघा. काकू एकट्या, आणि शेजारी एका माणसाची जागा मोकळी. निघतानाही तीच तऱ्हा. पुठ्ठे-पडदे उतरेपर्यंत काकू आपल्या दारात उभ्या. “गाडीला ऊन लागता कामा नये, बायको वाळली तरी चालेल,” असं त्या चारचौघांत सांगत आणि काका त्यावर खुशाल हसत.

तर या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी त्या कॉटवरून शांतपणे बोलल्या. त्यांनी आरडाओरडा केला तर काकांना काही वाटत नाही, पण त्या शांत झाल्या की काका हातातलं सोडून ऐकतात.

“अहो, ऐका. उद्या मला चाकांच्या खुर्चीवरून खाली आणतील तेव्हा गाडी दारात पाहिजे. मागे नाही, झाडाखाली नाही. दारात. नसली, तर मी धाकट्याच्या गाडीत बसेन आणि पाय बरा होईपर्यंत त्याच्याकडेच राहीन.”

“अगं, पण दारात ऊन...”

“माहितेय मला.”

धाकटा म्हणजे काकूंचा भाऊ. त्याची गाडी नवीकोरी, एसी असा की हुडहुडी भरावी, घराला लिफ्ट, आणि ताईवर जीव. तो नेणार म्हणजे नेणारच. काका तेव्हा “बरं, बरं” म्हणाले, पण घरी आल्यावर ओट्यापाशी उभ्याउभ्या चहा पिताना त्यांना घर खायला उठलं. आठवडाभर त्यांना कोणी बोललं नव्हतं. दूध उतू गेलं तरी नाही, ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी नाही. असे दिवस आणखी काढायचे तर आपलं काही खरं नाही, हे त्यांना कळून चुकलं.

सकाळीच त्यांनी गाडी हॉस्पिटलच्या दारासमोर लावली. तिथे पेशंटला न्यायला आलेली गाडी थांबू देत, फक्त चालवणारा जवळ उभा पाहिजे. तेव्हा तिथे इमारतीची चांगली सावली होती. डॉक्टर येतील, सही करतील, की निघायचं. पण डॉक्टर अचानक आलेल्या एका ऑपरेशनला आत गेले ते गेलेच, आणि सावली सरकत सरकत भिंतीला चिकटली. काकांनी पुठ्ठा लावला, पडदे ओढले, टॉवेल ओला करून टाकला. ऊन कसलं ऐकतंय!

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक डेरेदार झाड होतं. आठवडाभर गाडी त्याच्याखालीच असे, आणि तेवढ्यात काकांनी तिथल्या वॉचमनशी घरोबाही जमवला होता. तोच आता धावत आला.

“काका, झाडाखाली जागा झालीय! बादली ठेवून धरलीय तुमच्यासाठी. पळा लवकर!”

काकांचा हात खिशात गेला. वर डॉक्टरांचा पत्ता नव्हता. गाडी मागे न्यायची, बोलावणं आलं की आणायची, त्यात काय मोठंसं? नेमका हाच विचार त्यांनी प्रत्येक लग्नाच्या दारात केला होता. त्यांनी किल्ली बाहेर काढली आणि वॉचमनच्या हातात ठेवली.

“ही ठेव तुझ्याजवळ. मी मागितली तरी देऊ नकोस.”

“काका, बरं वाटतंय ना?”

“नाही,” काका म्हणाले आणि त्यांनी मागच्या सीटवरून छत्री काढली. निदान काकू बसणार ती सीट तरी वाचवावी म्हणून त्या बाजूच्या काचेवर छत्री धरून ते उभे राहिले. छत्री गाडीवर आणि स्वतःचं टक्कल उन्हात.

थोड्या वेळाने धाकटा आला. आपली गाडी तासाचे पैसे भरून तळघरात गारव्याला लावून हात हलवत आला आणि बघतच राहिला.

“भावजी, आत जाऊन बसा. मी थांबतो गाडीजवळ.”

“नको. तुझा हात दुखेल.”

शेवटी खुर्ची आली. काकूंनी बाहेर येताच सवयीने आधी कोपऱ्यापलीकडे, झाडाच्या दिशेला पाहिलं. मग समोर पाहिलं.

“अरे, ह्यांना काय झालंय?” त्यांनी भावाला विचारलं.

“दोनदा मागितली, मी नाही दिली,” म्हणत वॉचमनने किल्ली पुढे केली.

“ताई, आत नुसती भट्टी असेल,” धाकटा म्हणाला. “माझी गार आहे. आणू वर?”

काकांनी छत्री मिटली. दार उघडलं. काकूंनी हात लांब करून सीट चाचपली. छत्री, पडदा, टॉवेल, सगळं करूनही ती चांगली गरम होती.

“तापलीय,” त्या म्हणाल्या.

“हो,” काका म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांच्या गाडीला असं कोणी म्हटलं नव्हतं.

“धर रे मला,” म्हणत काकूंनी भावाच्या खांद्यावर हात टाकला आणि त्या त्याच सीटवर बसल्या. पाय जपून आत घेतला. “तू ये संध्याकाळी घरी.”

काकांनी भराभर पुठ्ठा काढला, पडदे सरकवले, टॉवेल काकूंच्या मांडीवर दिला. आज दाराची उघडझाप नाही. गाडी सुरू करून ते फाटकाकडे वळले.

“तिकडे कुठे? मागे घ्या. त्या झाडाखाली.”

“अगं, आता कशाला? रस्त्याला लागलो की वारा येईल, होईल गाडी गार.”

“गाडीचं कोण बोलतंय?” काकूंनी ओला टॉवेल उचलला आणि त्यांच्या भाजून लाल झालेल्या डोक्यावर ठेवला. “आरशात बघा जरा स्वतःला. चला, सावलीत घ्या.”

काकांनी मुकाट्याने गाडी मागे घेतली. झाडाखाली वॉचमनची बादली अजून जागा धरून होती.