तिरकं स्वस्तिक

"ह्या देशाला चार वर्षं एक हुकूमशहा पाहिजे, बघा कसा सुतासारखा सरळ होतो." हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलं. बोलणारा बहुतेक वेळा असाच असतो, ज्याला बायकोनं ओला टॉवेल पलंगावरून उचला म्हटलं तरी अपमान वाटतो. मी सोलापुरात जन्मभर हायस्कूलला इतिहास शिकवला. जर्मनीतली मंदी, हुकूमशाही आणि महायुद्ध दर वर्षी घसा फोडून सांगितलं, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "पण बाई, त्यानं देश तर उभा केला की?" निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. कसची सुटते! तो धडा आमच्याच घरी यायचा होता.

आमच्या ह्यांचा युनिफॉर्म शिवायचा कारखाना आहे. कारखाना आपला म्हणायचा. घरामागची पत्र्याची शेड आणि थोड्या मशिनी. शाळा उघडायच्या आधी मान वर करायला फुरसत नसते, आणि दिवाळी उलटली की मशिनी झाकून ठेवायची पाळी येते. गेल्या हिवाळ्यात तेच झालं होतं. मशिनीवरच्या अर्ध्या बायकांना "सध्या येऊ नका" म्हणायचं ह्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

तेवढ्यात व्यक्तिमत्त्व विकास की कसल्याशा क्लासचे संचालक आले. गॅदरिंगला त्यांनी मुलांचं संचलन बसवलं होतं. तपकिरी शर्ट, काळा टाय, दंडावर लाल पट्टा, पट्ट्यावर पांढरा गोल आणि गोलात काळं चिन्ह. कापड त्यांनीच आणून टाकलं, मोबाईलवर फोटो पाठवला आणि गेले. ह्यांना इतिहासाचं पहिल्यापासून वावडं. असेल काहीतरी शुभचिन्ह म्हणून त्यांनी कटिंगही सुरू केली.

पट्ट्याचा नमुना भरायला दिला अक्कांकडं. अक्का पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या. शाळांचे बिल्ले नि खिशावरची नावं भरण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. त्यांनी फोटो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. चित्र काढणाराच चुकलाय, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. स्वस्तिक कुठं तिरकं असतं का? आणि तेही काळ्या दोऱ्यानं? त्यांनी ते सरळ केलं, कुंकवाच्या रंगात भरलं आणि चार घरांत चार ठिपके दिले.

संचालक नमुना बघायला आले तेव्हा मी चहा घेऊन शेडमध्ये गेले होते. पट्टा हातात घेताच त्यांचा पारा चढला.

"हे काय? हे तर वास्तुशांतीचं दिसतंय!"

"तुमचं तिरकं पडलं होतं, सर," अक्का म्हणाल्या. "मी सरळ केले की. शुभाचं काम काळ्यात करू नाई."

संचालकांनी मोबाईल पुढं केला. तो फोटो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि हातातला ट्रे तसाच मशीनवर आदळला.

"हे आमच्याकडं शिवलं जाणार नाही," मी म्हणाले.

"मॅडम, तुम्ही तर इतिहासाच्या," ते हसत म्हणाले. "मंदीनं मोडलेला देश त्या माणसानं उभा केला. पोरांना जरा शिस्त कळू दे."

मग मात्र माझा तोल सुटला, आणि सुटला ते बरंच झालं. म्हटलं, "उभा केला, आणि पुढं? माणसांना घरातून ओढून नेऊन छावण्यांत मारलं, अख्खं जग युद्धात लोटलं, शेवटी स्वतःच्याच देशाचा विटामातीचा ढीग केला. तेवढं पान फाडून शिकवता होय? आणि हे बोलताय कुठं उभं राहून? मंदीच्या त्याच काळात ह्या सोलापुरावर इंग्रजांनी लष्करी कायदा लावला होता. डोक्यावर गांधी टोपी दिसली की माणसाला धरून न्यायचे, तरी कित्येकांनी ती उतरवली नाही. त्यांच्या गावात पोरं हे पट्टे बांधून मिरवणार? आमच्या शेडमधून तरी नाही!"

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "तुम्ही उद्या सांगा," असं ह्यांना म्हणाले आणि निघून गेले.

मला सगळ्यात जास्त राग ह्यांचा आला, कारण हे गप्प होते. संध्याकाळी जेवताना बोलले. "बोलायला तुझं काय जातंय? त्या बायकास्नी उद्या मी काय सांगू? आपण न्हाई शिवलं तर दुसरा कोनतरी शिवंलच की."

"शिवू दे दुसऱ्याला."

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "तिकडं त्ये शर्ट शिवले कुनी?"

इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला एकाही मुलानं विचारला नव्हता. "तुमच्यासारख्यांनीच," मी म्हणाले. "मंदी होती, हाताला काम नव्हतं. ऑर्डर आली, शिवले."

ते हात धुवायला उठले. खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटत होती. रागाच्या भरात आपण त्या बायकांच्या पोटावर पाय देतोय का, हा विचार डोक्यातून जाईना. पण माघार मी घेणार नव्हते. हे 'हो' म्हणाले असते तर उंबऱ्यात आडवी बसले असते.

सकाळी संचालक आले. ह्यांनी त्यांचं कापड, कापलेल्या बाह्यांसकट, गठ्ठा बांधून तयार ठेवलं होतं. तो गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

"हुनार न्हाई, सर."

"बायकोच्या तालावर धंदा करता होय?" ते म्हणाले. "सोलापुरात युनिफॉर्मवाले शंभर पडलेत."

"आता नव्व्याण्णव," हे म्हणाले, आणि मशीनवर जाऊन बसले.

त्या महिन्यात होतं तेवढं काम बायकांनी आपापसांत वाटून घेतलं. कुणी सकाळी आल्या, कुणी दुपारी. अक्का म्हणाल्या, चालतंय की. गॅदरिंग झालं, संचलनही झालं म्हणतात, टाळ्याही पडल्या. म्हणजे ते शर्ट ह्या गावात कुणीतरी शिवले. आम्ही शिवले नाहीत.